गुन्हेगाराची बोली आणि नायकाची भाषा

मुंबईच्या हिंदीवर निबंध लिहू इच्छिणारे विद्यार्थी अलीकडे सामग्री म्हणून बहुधा बोलपटांतील संवाद घेऊन येतात. सामग्री विपुल असते, हाताशी असते, आणि तिच्यातील वक्ते लाजत नाहीत; क्षेत्रीय काम करणाऱ्यास या तिन्ही सोयी क्वचितच लाभतात. त्यातही गुन्हेगारी विषयावरील बोलपटांकडे ओढा अधिक. शहराच्या तळातील माणसे जेथे दिसतात तेथेच शहराच्या तळातील भाषा सापडेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ती बरोबर आहे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते असे बोलपट मुंबईची बोली कशी आहे हे फारसे सांगत नाहीत. ती बोली कोणाच्या तोंडी घालावयाची परवानगी होती, हे मात्र ते फार नेमकेपणाने सांगतात. हा दुसरा पुरावा पहिल्याइतकाच मोलाचा आहे. पण तो वेगळ्या प्रश्नाचा पुरावा आहे. ही गोष्ट स्पष्ट होण्यासाठी प्रथम अमेरिकेकडे पाहणे सोयीचे होईल, कारण या प्रकारच्या बोलपटाचा साचा तेथे सिद्ध झाला आणि तेथूनच त्याची हॅट, त्याची सिगारेट आणि त्याची पावसात भिजलेली रात्र आपल्याकडे आली.

१९३१ हे वर्ष दोन्हीकडे महत्त्वाचे. मार्च महिन्यात मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदी पडदा बोलू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘लिटल सीझर’ व ‘द पब्लिक एनिमी’ हे दोन बोलपट आले, आणि पुढच्याच वर्षी ‘स्कारफेस’. अमेरिकेतील पडदा तत्पूर्वी तीन-चार वर्षे बोलत होताच. पण तो बहुतांशी रंगभूमीच्या कमावलेल्या इंग्रजीत बोलत होता. या तीन चित्रांनी पडद्यावर रस्ता आणला, आणि तो मुख्यतः कानाने आणला. बंदुकीचा आवाज, मोटारीच्या चाकांची करकर यांच्या जोडीला एक नवा उच्चार आला.

हा उच्चार ज्यांनी आणला त्यांची मातृभाषिक पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. ‘लिटल सीझर’चे एडवर्ड जी. रॉबिन्सन १८९३ साली रुमानियात बुखारेस्ट येथे जन्मले. त्यांचे मूळ आडनाव गोल्डनबर्ग. सुमारे दहा वर्षांचे असताना ते न्यू यॉर्कला आले. ‘स्कारफेस’चे पॉल म्युनी यांचा जन्म १८९५ सालचा, त्या वेळी ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यात असलेल्या लेम्बर्ग शहरातला, त्यांची उमेदीची वर्षे यिडिश रंगभूमीवर गेली, आणि इंग्रजी नाटकात ते आले तेव्हा तिशी उलटलेली होती. या दोघांनी पडद्यावर उभे केले ते इटालियन गुंड. ‘द पब्लिक एनिमी’चे जेम्स कॅग्नी आयरिश वंशाचे, न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेले. ज्यू शेजाऱ्यांत राहून त्यांना यिडिश इतके अवगत झाले होते की ‘टॅक्सी’ (१९३२) या बोलपटात त्यांनी ते सफाईने बोलून दाखविले आहे. म्हणजे अमेरिकन गुन्हेगाराचा पडद्यावरील आवाज घडविणारी ही माणसे निर्वासितांच्या, स्थलांतरितांच्या भाषिक गजबजाटातून आलेली होती, आणि त्यांनी तो गजबजाट लपविला नाही. उलट तोच त्यांचा बाजारभाव ठरला. रिको, टॉम पॉवर्स, टोनी कमोन्टे हे तिघेही खलपुरुष असले तरी कथेचे नायकच आहेत. रस्त्याची बोली तेथे कथेच्या मध्यभागी उभी राहिली.

येथे एका गोष्टीची जाणीव ठेवावी. भाषेतील कोणतेही लकबीचे चिन्ह स्वतः गुन्हेगार नसते. न्यू यॉर्कच्या जुन्या उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ गळतो. कॅग्नींच्या तोंडी तो गळला की प्रेक्षकाला गल्ली ऐकू येई. त्याच काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या तोंडीही तो गळत असे, आणि तेथे खानदान ऐकू येई. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘र’ उच्चारणे प्रतिष्ठेचे झाले. १९६२ साली विल्यम लाबोव्ह यांनी न्यू यॉर्कच्या तीन दुकानांतील नोकरवर्गाकडून ‘फोर्थ फ्लोअर’ हे दोन शब्द वदवून घेतले व दुकान जितके महाग तितका ‘र’ अधिक, असे दाखविले, हे विद्यार्थ्यांना परिचित आहेच.

अमेरिकेत १९३४ पासून चित्रपटांची आचारसंहिता कडक रीतीने अमलात आली आणि गुंडाला नायकपद देणे अवघड झाले. ‘जी मेन’ (१९३५) मध्ये तेच कॅग्नी सरकारी पोलीस होऊन आले. बाजू बदलली, उच्चार मात्र तोच राहिला! यानंतरच्या दशकात खासगी गुप्तहेराचे युग सुरू झाले आणि हम्फ्री बोगार्ट पुढे आले. ते न्यू यॉर्कच्या सुस्थित डॉक्टरांचे चिरंजीव, नामांकित शाळेत शिकलेले व तेथून काढून टाकलेले. त्यांनी खाली उतरून रस्त्याचा आवाज घेतला. ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९४१) मधील त्यांचा सॅम स्पेड वाक्ये तोडून, ओठ फारसे न हलविता बोलतो, आणि त्याच्या आधी आलेल्या तिघांचे ऋण त्यात सहज ऐकू येते.

याच बोलपटात एक शब्द आहे, ज्याची हकीकत प्रत्येक बोलीअभ्यासकाने ध्यानात ठेवावी. मूळ कादंबरीचे लेखक डॅशिएल हॅमेट हे पूर्वी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीस होते, तेव्हा गुन्हेगारांची परिभाषा त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होती. त्यांनी स्पेडच्या तोंडी, विरुद्ध पक्षातील एका पोरसवदा साथीदारासाठी, ‘गन्सेल’ हा शब्द घातला. तो यिडिशमधील हंसाच्या पिल्लाच्या नावावरून आलेला, आणि त्या वर्तुळात त्याचा अर्थ प्रौढ पुरुषाने अनैतिक संबंधासाठी बाळगलेला मुलगा असा होता. संपादकाच्या नजरेतून तो निसटला, कारण ‘गन’ हे अक्षर दिसताच संपादकाने बंदूकवाला असा अर्थ लावला. बोलपटात बोगार्ट यांच्या तोंडून तोच शब्द आला. वाचकांनी व प्रेक्षकांनीही तोच चुकीचा अर्थ घेतला. आणि पुढे शब्दकोशांत ‘गन्सेल’ म्हणजे पिस्तूलधारी गुंड असा अर्थ रीतसर नोंदला गेला. गुन्हेगारांच्या बोलीतला शब्द चित्रपटातून भाषेत आला खरा, परंतु येताना त्याने अर्थ बदलला. पडद्यावरील बोलीला थेट रस्त्याची नोंद मानणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

आता मुंबईकडे वळू. किंबहुना मुंबईच्या बाहेर, कारण १९३४ साली हिमांशु राय व देविका राणी यांनी ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना केली ती मालाड येथे, आणि मालाड त्या काळी मुंबई शहराच्या हद्दीत नव्हते. बृहन्मुंबईची सीमा उत्तरेस दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली ती १९५७ मध्ये. भोवतालची वस्ती कोळी, आगरी, कुणबी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची. म्हणजे मराठीच्या नाना बोलींची. कुंपणाच्या आत मात्र वेगळेच जग होते. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योसेफ विर्शिंग हे म्युनिकहून आलेले जर्मन होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मनांची धरपकड केली आणि संस्थेचे हे काम खंडित झाले. पुढे विर्शिंग परतले व ‘महल’ (१९४९) चे छायालेखन त्यांनी केले. अमेरिकेतील काळोख्या गुन्हेपटांची प्रकाशयोजनाही फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिऑडमाक, बिली वाइल्डर यांच्यासारख्या जर्मन चित्रसृष्टीतून गेलेल्या मंडळींनीच घडविली होती. तेव्हा आपल्या चित्रपटांतील सावली सर्वस्वी हॉलिवूडची उसनवारी, असे जे सरसकट म्हटले जाते ते पुरतेपणी खरे नव्हे. त्या सावलीचा एक प्रवाह म्युनिकहून थेट मालाडला आलेला होता.

याच मालाडच्या स्टुडिओत ज्ञान मुखर्जी यांचा ‘किस्मत’ १९४३ मध्ये तयार झाला. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला, हे सर्वश्रुत आहे. त्याचा नायक शेखर हा खिसेकापू; अशोककुमार यांनी तो केला. ओठांत सिगारेट, चेहऱ्यावर बेफिकिरी, आणि पश्चात्तापाची विशेष घाई नाही. वेष, वृत्ती व हालचाल या तिन्ही बाबतींत हा नायक कॅग्नींचा दूरचा भाऊ शोभतो. पण तो बोलू लागला की नाते तुटते. शेखरची भाषा स्वच्छ, सुशिक्षित हिंदुस्थानी आहे. तुरुंगातून सुटून आलेला चोर अशा भाषेत बोलतो याचे तत्कालीन प्रेक्षकास काहीच वाटले नाही. अशोककुमार हे बंगाली, भागलपूरला जन्मलेले. म्हणजे ही भाषा त्यांचीही घरची नव्हती. रॉबिन्सन व म्युनी यांनी परकेपणाचे भांडवल केले. आपल्याकडे नटाने तो कसून पुसून टाकला.

ज्ञान मुखर्जींच्या ‘संग्राम’ (१९५०) मध्ये साहाय्यक म्हणून काम केलेले गुरुदत्त यांनी पुढच्याच वर्षी ‘बाजी’ दिग्दर्शित केला. ‘नवकेतन’चा हा बोलपट, पटकथा व संवाद बलराज साहनींचे, नायक देव आनंद. ‘गिल्डा’ (१९४६) या अमेरिकन चित्राची छाया त्यावर असल्याचे नेहमी सांगितले जाते, आणि जुगारघर, नर्तकी, अदृश्य सूत्रधार ही सामग्री पाहता ते पटण्यासारखे आहे. यानंतर पाच-सात वर्षांत ‘जाल’ (१९५२), ‘आर पार’ व ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (दोन्ही १९५४), ‘सी. आय. डी.’ (१९५६) असे एकामागून एक बोलपट आले. यांची मंडळी पाहा: देव आनंद गुरदासपूरकडचे, गुरुदत्त चित्रापूर सारस्वत, घरची भाषा कोंकणी, बालपण कलकत्त्यात, छायालेखक मूर्ती म्हैसूरचे, के. एन. सिंग डेहराडूनचे, जॉनी वॉकर इंदूरचे. मुंबईचे गुन्हेगारी जग पडद्यावर ज्यांनी उभे केले त्यांपैकी क्वचितच कोणी मुंबईचा होता.

के. एन. सिंग यांचा खलनायक हा या काळाचा सर्वांत सुघड नमुना. लांब कोट, हॅट, वर चढलेली एक भुवई, आणि कधीही न चढणारा आवाज. त्यांची उर्दू इतकी मुरलेली आहे की ठार मारण्याची धमकीही निमंत्रणासारखी वाटते. हा मनुष्य शहरात राहतो. परंतु शहराने त्याच्या जिभेला स्पर्श केलेला नाही.

शहर ऐकू येते ते दुसरीकडून. जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, हे मुंबईच्या बसमध्ये कंडक्टर होते; बलराज साहनींनी त्यांना हेरले व गुरुदत्तांकडे पाठविले, आणि ‘बाजी’त त्यांना एका दारुड्याची लहानशी भूमिका मिळाली. दिवसभर नाना जातींच्या, नाना प्रांतांच्या प्रवाशांशी तिकिटावरून हुज्जत घालणाऱ्या माणसाच्या कानाला जे शिक्षण मिळते ते कोणत्याही भाषाविभागात मिळणार नाही. (हे विधान विभागाच्याच पत्रिकेत करताना थोडा संकोच वाटतो.) त्यांचा किनरा, किंचित नाकातला आवाज, ओढलेले स्वर, वाक्याच्या शेवटी चढणारा हेल हे सारे रस्त्यावरचे आहे. ‘सी. आय. डी.’मध्ये देव आनंद इन्स्पेक्टर शेखर, आणि जॉनी वॉकर खिसेकापू मास्टर. तेरा वर्षांपूर्वीच्या शेखरचा व्यवसाय येथे विनोदी पात्राकडे गेला आहे आणि शेखर हे नाव पोलिसाकडे. मुंबई शहरावरचे त्यातील प्रसिद्ध गीतही नायकास दिलेले नाही. पडद्यावर ते या खिसेकापूच्याच ओठी आहे.

‘आर पार’ हा या नियमास बराचसा अपवाद होय. अब्रार अल्वी यांनी त्याचे संवाद लिहिताना प्रत्येक पात्रास त्याच्या मुलखाची भाषा दिली: गॅरेजचा मालक पंजाबी तर पंजाबी ढंगाने बोलतो, जॉनी वॉकर यांचा रुस्तम पारशी ढंगाने, आणि खुद्द गुरुदत्तांनी केलेला कालू हा टॅक्सीवाला ‘बाजी’तील मदनपेक्षा कितीतरी सैल हिंदी बोलतो. हिंदी संवादलेखनाच्या इतिहासात हे पाऊल मोठे आहे. पण यातही एक गोष्ट नजरेआड होऊ नये. पंजाबी, पारशी, मध्य हिंदुस्थानी असे ढंग तेथे आहेत. त्या सर्वांना एकत्र आणून मुंबईने जी स्वतःची म्हणून एक बोली घडविली होती, ती मात्र नायकापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

ही बोली म्हणजे मोडकी हिंदी नव्हे. सुनीतिकुमार चॅटर्जी यांनी कलकत्त्याच्या बाजारी हिंदुस्थानीवर १९३१ मध्ये निबंध लिहिला. मुंबईच्या हिंदीवर महादेव आपटे यांचे लेखन १९७४ चे. तिची दोन लक्षणे येथे थोडी उलगडून पाहू, कारण बोलपटांनी ज्या लकबी लोकप्रिय केल्या त्यांत हीच दोन अग्रभागी आहेत.

पहिले लक्षण ‘-एला’ हा प्रत्यय. ‘वो गया है’ याऐवजी ‘वो गयेला है’. मराठी वाचकास ‘गेलेला आहे’ची तत्काळ आठवण होते व तो प्रश्न सुटला असे समजतो, परंतु गुजरातीतही ‘गयेलो’, ‘करेलो’ अशी रूपे आहेत. निर्णय कशाने करावा? मराठीत हा प्रत्यय भूतकाळी अंगास लागतो: गेल-, आल-, केल- यांपासून गेलेला, आलेला, केलेला. गुजरातीत तो बहुधा मूळ धातूस लागतो: आव- पासून आवेलो, कर- पासून करेलो. मुंबईच्या हिंदीत ‘आयेला’ आणि ‘कियेला’ ही रूपे ऐकू येतात. ती हिंदीच्या भूतकाळी अंगावर उभी आहेत, म्हणजे घडण मराठी पद्धतीची. परंतु ‘करेला’ हेही रूप तितकेच ऐकू येते, आणि त्याची घडण उघड गुजराती आहे. ‘गयेला’ दोन्हींत बसते. तेव्हा एकच पितृत्व शोधणे व्यर्थ आहे. दोन भाषांचे भाषक एकाच बाजारात हिंदी बोलत होते, दोघांनाही आपापल्या घरचा प्रत्यय तिच्यात ओळखीचा वाटला, म्हणून तो टिकला. मिश्रबोलीत टिकून राहणारे घटक पुष्कळदा असेच अनेकांच्या पाठिंब्यावर जगतात.

दुसरे लक्षण ‘अपुन’, म्हणजे ‘मी’. मराठी ‘आपण’ची तीन कार्ये व्याकरणात दिलेली असतात: श्रोत्यासह आम्ही, आदरार्थी तुम्ही, आणि स्वतः. चौथे कार्य व्याकरणे सहसा नोंदवीत नाहीत, पण ते घरोघर ऐकू येते: ‘आपण नाही बुवा कोणाच्या भानगडीत पडत.’ येथे ‘आपण’ म्हणजे निव्वळ ‘मी’. मात्र थोडा अंग चोरून उभा राहिलेला, किंवा उलट थोडा छाती काढलेला. ग्रामीण मराठीत त्याचा ‘आपुन’ होतो. मुंबईच्या हिंदीने बहुधा हेच चौथे कार्य उचलले. गुजरातीच्या ‘आपणे’ने व माळवा-बुंदेलखंडाकडील ‘अपन’ने त्यास दुजोरा दिला असावा. या सर्वनामासह क्रियापद मात्र तृतीयपुरुषी एकवचनी येते: ‘अपुन जायेगा’. बोलणारा स्वतःविषयी दुसऱ्या कोणाविषयी बोलावे तसा बोलतो.

१९४३ ते १९६० या काळातील आपला पडद्यावरचा गुन्हेगार नायक हा सहसा ‘मैं’च राहिला. ‘काला बाजार’ (१९६०) मध्ये देव आनंद चित्रपटाची तिकिटे काळ्या बाजारात विकतात. हा धंदा सर्वस्वी मुंबईच्या पदपथावरचा. तरीही नायकाचा सुशिक्षित स्वर सुटत नाही. पुढे ‘दीवार’ (१९७५) मधला गोदी कामगारही मोजूनमापून, भारदस्त वाक्ये बोलतो. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये मुंबईची बोली अखेर नायकाच्या तोंडी आली, पण ती हसण्यासाठी.

याच काळात मराठी पडद्यावर काय चालले होते? राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा आपला उत्कृष्ट रहस्यपट. त्याचेच हिंदी रूप राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) या नावाने केले, ज्यांनी ‘सी. आय. डी.’ केला होता त्यांनीच. परंतु ‘पाठलाग’ची मराठी ही सुशिक्षित घराची व न्यायालयाची. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारास जशी शिष्ट मराठीची सवय होती, तशीच ती आमच्या रहस्यपटासही जडली होती. मुंबईच्या बोलीस सर्वाधिक द्रव्य पुरविणारी मराठी स्वतः पडद्यावर मात्र पांढरपेशी राहिली. आणि हिंदी पडद्यावर मराठी म्हटली की हवालदार, मोलकरीण किंवा कोळीण.

हा सांधा ‘अर्धसत्य’ (१९८३) मध्ये बदलला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, वसंत देव यांचे संवाद, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. मराठी इन्स्पेक्टर अनंत वेलणकर केला तो पंजाबी ओम पुरींनी; नावावरून दक्षिणेकडचा वाटणारा रामा शेट्टी केला तो मराठी रंगभूमीवरून आलेले सदाशिव अमरापूरकर यांनी. या खलनायकास हॅट नाही, पाइप नाही, मुरलेली उर्दू तर मुळीच नाही. तरी के. एन. सिंग यांच्याप्रमाणे तोही आवाज चढवीत नाही, आणि या शांत स्वरात प्रथमच घाटी-कोंकणी कानाला ओळखीचा असा तोल ऐकू येतो. पंधरा वर्षांनी ‘सत्या’ (१९९८) मध्ये भिकू म्हात्रे आला. आडनाव आगरी-कोळी मुलखातले, म्हणजे जुन्या मालाडच्या स्टुडिओच्या कुंपणाबाहेरचे, भाषा मुंबईची, नट मनोज बाजपेयी, बिहारचे. येथे बोली हसविण्यासाठी नाही व सजावटीसाठीही नाही. रिकोला न्यू यॉर्कच्या एका परक्या नटाने १९३१ मध्ये जे दिले, ते भिकू म्हात्रेस मिळावयास सदुसष्ट वर्षे लागली.

मात्र एवढ्यावरून ‘सत्या’चे संवाद मुंबईच्या बोलीची विश्वासार्ह सामग्री ठरत नाहीत. ‘सुपारी’ हाच शब्द घ्या. मराठीत सुपारी फुटते तेव्हा लग्न ठरते. सुपारी दिली की गायक, वाजंत्री वा तमाशाचा फड बांधला जातो. या व्यवहारातून खुनाच्या कराराचा अर्थ निघाला. पण तो आज सर्वतोमुखी झाला त्यास गुन्हेगारांइतकेच वर्तमानपत्रे, न्यायालये आणि बोलपट कारण आहेत. अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षांच्या रांगेत कान देऊन उभे राहिले असता प्रस्तुत लेखकास ‘मेरे को’ पदोपदी ऐकू येते. ‘अपुन’ मात्र क्वचित, आणि ऐकू आलेच तर पुष्कळदा महाविद्यालयीन मुलांच्या थट्टेत, तेही एखाद्या नटाच्या हेलासकट. अशा वेळी मुलगा बोली बोलत असतो की बोलपट बोलत असतो, हे ठरविल्याशिवाय ते वाक्य टिपणवहीत कोणत्या रकान्यात लिहावयाचे? विद्यार्थ्यांनी निदान दोन रकाने आखावेत, आणि बोलपटातील प्रत्येक उदाहरणापुढे वर्ष, संवादलेखक, नटाची मातृभाषा आणि पात्राचे कथेतील स्थान या चार गोष्टी न चुकता नोंदवाव्यात. चौथी नोंद बहुधा सर्वांत उपयोगी पडेल.